चिंगी मध्येच पाय का उचलते?

दोस्तांनो, या आठवड्यात तुम्हाला एक कोडं घालायचं आहे. कोड्यात दोन कुत्री आहेत. दोन्ही आपल्या गोष्टीतली, म्हणजे कल्पनेतली. पण त्यांचं दुखणं मात्र खरंखुरं आहे. तुमच्या आळीतल्या एखाद्या घरात ते आजही चालू असेल.

पहिली आहे चिंगी. पांढरीशुभ्र, लांब केसांची, शेपटीचा गोंडा पाठीवर टाकून मिरवणारी. अशा कुत्र्याला आपल्याकडे सरसकट ‘पॉमेरेनियन’ म्हणतात. पुष्कळदा ते असतं इंडियन स्पिट्झ जातीचं. समजा, ही चिंगी बारामती शहरात राहते. घर नवं, फरशी आरशासारखी गुळगुळीत. वय दीड वर्ष.

दुसरा मोत्या. तपकिरी रंगाचा, बुटका, गावठी. समजा, तो इंदापूर तालुक्यात भवानीनगरच्या बाजूला एका वस्तीवर राहतो. चारही बाजूंनी ऊस, दारात गोठा, आणि दिवसभर भटकायला सगळं रान मोकळं. वय चार वर्षं.

दोघांच्याही घरी एकच तक्रार आहे. “अधूनमधून मागचा पाय उचलून धरतं हो! मग आपोआप बरं होतं. परत चार दिवसांनी तेच!” डॉक्टरांकडे न्यावं तर तिथे दोघंही अगदी शहाण्यासारखी चारही पायांवर चालून दाखवतात. मग घरातले म्हणतात, “नाटकं करतंय झालं!”

आता आपल्याला शोधून काढायचं आहे, की हे नाटक आहे की दुखणं? आणि दुखणं असेल, तर दोघांचं एकच आहे का?

वही काढा

पोलीस पाटील काय किंवा गोष्टीतला गुप्तहेर काय, कुणीही आधी नोंद करतं. आपल्या दोन्ही घरांतल्या मुलांनीही एक आठवडा वही ठेवली, असं समजू. त्यात काय आहे ते वाचा. घाईघाईने नको, नीट वाचा. उत्तर त्यातच दडलेलं आहे.

चिंगीची वही :

सोमवार, सकाळ. अंगणात पळताना उजवा मागचा पाय उचलला. तीन पायांवर चार उड्या मारल्या. मग पाय मागे झटकला आणि नीट पळाली. ओरडली नाही.

मंगळवार. काहीच नाही.

बुधवार, संध्याकाळ. दाराची बेल वाजली म्हणून धावली. गुळगुळीत फरशीवर वळताना उजवा मागचा पाय उचलला. पाच-सहा पावलांनी ठीक.

शुक्रवार. सोफ्यावरून उडी मारली. परत उजवाच. जेवण व्यवस्थित. खेळणं व्यवस्थित.

मोत्याची वही :

सोमवार, सकाळ. झोपून उठताना डावा मागचा पाय टेकेना. दुपारपर्यंत लंगडत होता.

बुधवार. आज उजवा मागचा पाय! अर्धी भाकरी तशीच ठेवली.

गुरुवार. बरा वाटला.

शनिवार. आता पुढच्याही पायाने लंगडतो. अंग गरम लागतं. हाक मारली तर नुसती शेपटी हलवतो, उठत नाही. कानामागे दोन गोचीड सापडले.

वाचलंत? दोघांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवा आणि वेगळं काय आहे ते शोधा. चिंगीचा पाय नेहमी तोच असतो. तिचं लंगडणं काही सेकंदांचं, आणि ते थांबतं एका झटक्याने. बाकी ती खुशाल आहे. मोत्याचा पाय मात्र बदलतो. त्याचं लंगडणं काही तासांचं, आणि सोबत ताप आहे, सुस्ती आहे, भूक कमी आहे. तोंडी सांगताना दोघांचं वर्णन एकच होतं, ‘अधूनमधून पाय उचलतो’. कागदावर आल्याबरोबर ती दोन वेगळी दुखणी झाली!

चिंगीचं दुखणं आधी बघू. त्यासाठी एक साधा प्रश्न : कुत्र्याचा गुडघा कुठे असतो?

गुडघा शोधा पाहू!

बहुतेक जण कुत्र्याच्या मागच्या पायाला मध्यावर, मागच्या बाजूला जे टोक दिसतं तिथे बोट ठेवतात आणि म्हणतात, “हा गुडघा, पण उलटा!” चूक! ती आहे त्याची टाच. कुत्रं आपल्यासारखं पूर्ण तळपाय टेकून चालत नाही, ते बोटांवर चालतं. तुम्ही टाचा उंच उचलून, थोडे वाकून उभे राहा. तुमची टाच जशी अधांतरी राहते, तशीच त्याची कायम असते. खरा गुडघा त्याच्या बराच वर, पोटाजवळ, केसांत लपलेला असतो. आणि तो आपल्यासारखाच पुढच्या बाजूला वाकतो.

आता स्वतःचा गुडघा बघा. जमिनीवर पाय लांब करून बसा आणि मांडी अगदी सैल सोडा. गुडघ्यावर जे गोल हाड आहे, त्याला आपण ‘गुडघ्याची वाटी’ म्हणतो. ती बोटांनी हलकेच डावी-उजवीकडे सरकवून बघा. सरकते ना? आता मांडी ताठ करा. वाटी जागच्या जागी घट्ट!

ही वाटी मांडीच्या मोठ्या स्नायूच्या दोरात ओवलेली असते. तो दोर खाली नडगीच्या हाडाला बांधलेला असतो. पाय वाकवला-सरळ केला, की वाटी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला असलेल्या खाचेतून वर-खाली सरकते. आडावरची कप्पी पाहिली आहे? तिच्या कडेला खोल खाच असते आणि त्या खाचेतून दोर पळतो. खाच खोल असली आणि दोर सरळ ओढला, तर पोहरा बिनतक्रार वर येतो. पण खाच झिजून उथळ झाली किंवा दोर तिरका ओढला, तर तो कप्पीवरून घसरतो आणि अडकतो. आजोबांनी मोट हाकली असेल तर त्यांना विचारा. चाकावरून नाडा घसरला की काय फजिती व्हायची, ते रंगवून सांगतील!

चिंगीचं नेमकं हेच होतंय. तिच्या गुडघ्याची वाटी खाचेतून घसरून आतल्या बाजूला जाते. वाटी बाहेर गेली की पाय सरळ करणारा दोर वेडावाकडा ओढला जातो, आणि ती पाय टेकू शकत नाही. म्हणून ती पाय उचलून धरते. मग तीन पायांवर चार उड्या मारते, पाय मागे ताणून झटकते, वाटी ‘टक्’कन खाचेत परत बसते. झालं! जसं काही घडलंच नाही.

आता कळलं ना, की हे लंगडणं येतं-जातं कसं? कारण वाटीच येते-जाते. चिंगी नाटक करत नव्हती. पाय झटकून ती तिच्या परीने आपला गुडघा दुरुस्त करत होती.

लहान जातींच्या कुत्र्यांत हा दोष खूप आढळतो. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल या जातींत तर विशेषच. खाच जन्मापासून पुरेशी खोल होत नाही किंवा पायाच्या हाडांची ठेवण थोडी तिरकी असते. बऱ्याच कुत्र्यांत दोन्ही पायांत दोष असतो, पण एकच पाय जास्त त्रास देतो. आई-बापांकडून पिल्लांकडे हा दोष जातो, म्हणून असं कुत्रं पिल्लांसाठी वापरू नये, असं पशुवैद्य सांगतात.

बैलाचा गुडघा, घोड्याचा गुडघा

साखर कारखान्यांच्या हंगामात बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या दिसतात. आता ही गंमत ऐका. ज्या वाटीने चिंगीला छळलं, तीच वाटी बैलालाही छळते, पण वेगळ्या तऱ्हेने. बैलाची वाटी बाजूला घसरत नाही, ती वर चढते आणि मांडीच्या हाडाच्या कंगोऱ्यावर खुंटीला अडकावी तशी अडकते. मग पाय वाकेचना! बैल मागचा पाय ताठ, मागे ताणलेला ठेवून, खूर जमिनीवर घासत ओढतो. मग एकदम झटका बसतो आणि पाय सुटतो. सकाळी गोठ्यातून बाहेर काढल्यावर पहिल्या पावलांना हे जास्त होतं. चालता चालता सांधा मोकळा होत जातो. म्हणजे इथेही दुखणं येतं आणि जातं.

बैलाच्या वाटीला खाली बांधणारे तीन बंध असतात. पशुवैद्य त्यातला आतल्या बाजूचा बंध, जागा बधिर करून, लहानशा चिरेतून कापतात. बैल उभा असतानाच हे करता येतं, आणि पुष्कळदा तो लगेच पाय वाकवून चालायला लागतो. कुत्र्याच्या वाटीला मात्र असा एकच बंध असतो. तो कापून कसा चालेल? म्हणून बैलाचा इलाज चिंगीला लागू नाही.

आणि घोडा? तो हीच वाटी मुद्दाम अडकवतो! वाटी कंगोऱ्यावर चढवून तो पायाला कुलूप लावतो आणि उभ्या उभ्या डुलकी काढतो. जाग आली की कुलूप उघडतो. हाड तेच, पण घोड्याला सोय, बैलाला अडचण आणि चिंगीला दुखणं!

चार पायऱ्या

चिंगीला डॉक्टरांकडे नेलं की ते विचारतात, “वाटी किती घसरते?” यासाठी चार पायऱ्या ठरलेल्या आहेत. १९६८ मध्ये कॅनडातल्या पटनम यांनी आणि १९६९ मध्ये ब्रिटनमधल्या सिंगलटन यांनी केलेल्या अभ्यासातून त्या आल्या. जगभरचे पशुवैद्य अजून त्याच वापरतात.

पहिली पायरी : डॉक्टरांनी अंगठ्याने ढकलली तरच वाटी बाहेर जाते, सोडली की परत येते. असं कुत्रं सहसा लंगडत नाही.

दुसरी पायरी : वाटी अधूनमधून आपणहून बाहेर जाते आणि परतही येते. आपली चिंगी इथे बसते.

तिसरी पायरी : वाटी बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने आत बसवता येते, पण टिकत नाही.

चौथी पायरी : वाटी कायमची बाहेर. हातानेही आत बसत नाही. कुत्रं गुडघे वाकवून, दबकत चालतं.

पहिल्या पायरीला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. वजन वाढू न देणं, रोज बेताचं चालणं, सोफ्यावरच्या उड्या बंद करणं आणि गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाकणं, एवढ्यावर भागतं. दुसऱ्या पायरीला डॉक्टर त्रास किती आहे ते बघून ठरवतात. त्याच्या वरच्या पायऱ्यांना बहुतेक वेळा शस्त्रक्रिया सुचवतात. त्यात खाच खोल करतात आणि दोर जिथे नडगीला बांधलेला असतो, तो हाडाचा तुकडा सरकवून ओढ सरळ करतात. कप्पी नीट करायची आणि दोरही सरळ करायचा!

“आपोआप बरं होतंय ना, मग कशाला काळजी?” असं मात्र म्हणू नका. वाटी घसरते तेव्हा दर वेळी सांध्याचं गुळगुळीत अस्तर घासलं जातं. वर्षानुवर्षं असं झालं की सांधा कायमचा दुखू लागतो. वाढत्या वयाच्या पिल्लात तर आणखी धोका. दोर सतत तिरका ओढला गेला, तर हाडंच वाकडी वाढतात. म्हणून पिल्लू असेल तर वाट बघत बसायचं नाही.

आणि मोत्या?

मोत्याच्या वहीत दोन गोष्टी ठळक आहेत. लंगडणारा पाय बदलतो, आणि गोचीड आहेत. कुत्र्याच्या अंगावरच्या तपकिरी गोचिडांमधून एका रोगाचे जंतू रक्तात शिरतात. हा रोग १९३५ मध्ये अल्जीरियात पहिल्यांदा ओळखला गेला. आपल्यासारख्या उष्ण देशांत तो सर्रास आढळतो. ताप येतो, भूक जाते, सांधे सुजतात. आज हा पाय तर उद्या तो. कधी कधी नाकातून रक्तही येतं, कारण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कमी होतात. (डेंगीत माणसाच्याही प्लेटलेट्स कमी होतात, हे तुम्ही ऐकलं असेलच.)

म्हणजे मोत्याचा पाय कितीही चाचपला, तरी उत्तर पायात सापडणार नाही. ते रक्तात आहे. गोचीड असलेला प्रत्येक कुत्रा याच रोगाने आजारी असतो असं नव्हे. पण वहीतला ‘बदलता पाय’ आणि ‘अंग गरम’ हे वाचून डॉक्टर रक्त तपासायला सांगतील. रोग वेळेवर कळला तर औषधाने मोत्या बरा होतो. तो नाटक करतोय असं समजून महिनाभर थांबलं, तर मात्र त्याच्या जिवावर बेतू शकतं.

आणखी काही संशयित

चांगला गुप्तहेर दोन संशयितांवर थांबत नाही. मागचा पाय मध्येच उचलण्याची आणखीही कारणं असतात.

काटा आणि कुसळ. आपल्या भागात याची चौकशी सगळ्यांत आधी करायची! सुप्याकडचा माळ काय किंवा कडबनवाडीकडचा काय, बाभळीचे काटे, सराटे आणि गवताची कुसळं यांची तिथे काय कमी? कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरतं आणि आत आत सरकत जातं. कुत्रं ती जागा सारखी चाटतं. म्हणून प्रत्येक बोटाची बेचकी आणि तळव्याच्या गाद्या उजेडात बघायच्या. नख मुळापासून तुटलं असेल तरी कुत्रं असंच लंगडतं.

खुब्याचं दुखणं. लहान जातींच्या पिल्लांत, वर्षाच्या आत, मांडीच्या हाडाच्या गोल माथ्याचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि तो माथा ढासळू लागतो. लंगडणं हळूहळू वाढत जातं आणि मांडी बारीक होते. नवल म्हणजे हाच आजार लहान मुलांनाही होतो, साधारण चार ते आठ वर्षांच्या वयात! १९१० मध्ये अमेरिकेतले लेग, फ्रान्समधले काल्वे आणि जर्मनीतले पेर्थेस या तिघा डॉक्टरांनी त्याचं वर्णन वेगवेगळं लिहिलं. म्हणून त्या आजाराला तिघांची नावं मिळाली. कुत्र्यात तो बिघडलेला माथा काढून टाकतात. मग स्नायूंच्या आधाराने तिथे कामचलाऊ सांधा तयार होतो आणि लहान कुत्रं त्यावर छान चालतं.

गुडघ्यातला बंध तुटणं. गुडघ्याच्या आत दोन बंध फुलीसारखे असतात. त्यातला एक झिजतो आणि तुटतो. वयस्क किंवा लठ्ठ कुत्र्यात हे जास्त दिसतं. डॉक्टर नडगी धरून पुढे ओढून बघतात. टेबलाच्या खणासारखी ती पुढे सरकली, तर बंध तुटला आहे.

पाठीचा कणा. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या कुत्र्यांत मणक्यांमधली चकती सरकते आणि मज्जारज्जूवर दाब येतो. पाठ आखडते. उचलून घेतलं की कुत्रं कळवळतं. पाय घसटत चालल्याने नखं वरच्या बाजूने झिजतात. मागचे दोन्ही पाय लुळे पडले, कुत्रं फरफटत निघालं किंवा त्याची लघवी अडली, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. त्याच वेळी डॉक्टर गाठायचा. इथे तासांचा हिशेब असतो.

दवाखान्यात सगळं ठीक कसं?

आता मोठा प्रश्न. दवाखान्यात नेलं की चिंगी आणि मोत्या नीट कसे चालतात?

याचं एक कारण भीती. अनोळखी जागा, औषधांचा वास, शेजारी भुंकणारा अल्सेशियन! घाबरलेलं जनावर दुखणं लपवतं. रानात लंगडं जनावर शिकाऱ्याच्या आधी नजरेत भरतं, ही जुनी सवय अजून अंगात आहे. दुसरं कारण त्याहून सोपं आहे. त्या वेळी वाटी खाचेतच असते. १८९५ मध्ये जर्मनीच्या राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले, तेव्हापासून शरीर न कापता आतली हाडं बघता येऊ लागली. पण क्ष-किरणाचं चित्र म्हणजे एका क्षणाचा फोटो. त्या क्षणी वाटी जागेवर असेल, तर चित्रातही ती जागेवरच दिसणार.

म्हणून डॉक्टर फक्त चित्रावर विसंबत नाहीत. आधी कुत्र्याला चालवून बघतात. मग पंजापासून खुब्यापर्यंत एकेक सांधा हाताने तपासतात, दोन्ही मांड्यांची जाडी ताडून बघतात, गुडघा सरळ करून अंगठ्याने वाटी हलकेच ढकलतात. (हे तुम्ही करून बघायचं नाही. चुकीच्या दाबाने दुखतं, आणि दुखलं की लाडकं कुत्रंही चावतं.) त्यानंतर गरजेप्रमाणे क्ष-किरण आणि रक्ताची तपासणी.

आणि या सगळ्याच्या आधी ते एक प्रश्न विचारतात, “घरी नेमकं काय होतं?”

याचं उत्तर डॉक्टरांच्या कुठल्याही यंत्रात नाही. ते तुमच्याकडे आहे. माणूस सांगतो, “डॉक्टर, काल जिना चढताना उजव्या गुडघ्यात कळ आली.” चिंगीला हे सांगता येत नाही. तिच्या वतीने सांगायचं काम घरातल्याच कुणी तरी करायला हवं. आणि आई-बाबा कामात असताना तिच्याशी दिवसभर कोण खेळतं? तुम्हीच ना?

काय काय टिपायचं?

पाय कोणता : डावा की उजवा, आणि दर वेळी तोच का?

कधी : झोपून उठल्यावर, की खूप पळाल्यावर?

कुठे : मातीवर, गुळगुळीत फरशीवर, की जिन्यावर?

किती वेळ : काही सेकंद, काही मिनिटं, की काही तास? घड्याळात बघून लिहा. ‘थोडा वेळ’ असं लिहू नका.

कसं संपलं : झटक्याने, की हळूहळू?

सोबत काय : ताप, सुस्ती, कमी भूक, चाटणं, ओरडणं, सूज, गोचीड?

आई-बाबांच्या मोबाइलवर चालण्याचं चित्रण करता आलं तर फारच छान. एकदा बाजूने घ्या आणि एकदा मागून. मोबाइलमध्ये चित्र सावकाश चालवायची सोय असते, ती वापरली तर डोळ्यांना न दिसणारा झटकाही दिसतो. मोबाइल नसेल तरी अडत नाही. मऊ मातीच्या वाटेवर कुत्र्याला चालवा आणि ठसे बघा. चार पंजांऐवजी तीनच उमटले, तर कोणता पाय टेकला नाही ते माती सांगते!

हे मात्र करू नका

घरातल्या माणसांची दुखीवरची गोळी कुत्र्याला कधीच देऊ नका. अगदी अर्धीसुद्धा नाही. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधं कुत्र्याला घातक ठरू शकतात. काहींनी पोटात जखमा होऊन रक्तस्राव होतो, काहींनी मूत्रपिंडं किंवा यकृत बिघडतं. एकाचं औषध दुसऱ्याचं विष कसं होतं, याचं मोठं उदाहरण आपल्याच देशात घडलं आहे. दुखणाऱ्या गाई-बैलांना डायक्लोफिनॅक दिलं जायचं. ती जनावरं मेली की गिधाडं त्यांचं मांस खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. हे कारण २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी उघड केलं, आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तोवर कोट्यवधी गिधाडं नाहीशी झाली होती. म्हणून कुत्र्याची गोळी कोणती आणि किती, हे पशुवैद्यच सांगणार.

दुसरी गोष्ट. रस्त्यावरचं अनोळखी कुत्रं लंगडताना दिसलं, तर त्याचा पाय धरायला जाऊ नका. मोठ्या माणसांना सांगा. कुत्रं चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. घरी बोलणी बसतील म्हणून लपवू नका.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांनी वही दाखवली तर ती दवाखान्यात बरोबर न्या आणि मुलालाही न्या. नोंदी त्याने स्वतः वाचून दाखवू द्या. आधी गावातल्या किंवा तालुक्याच्या पशुवैद्यांना दाखवा. हाडांची शस्त्रक्रिया लागली तर ती सगळीकडे होतेच असं नाही. तेव्हा पुढे कुठे जावं, हेही तेच सांगतील. आपल्याला जवळचं मोठं ठिकाण म्हणजे शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. ते बारामतीहून नीरा-लोणंदच्या वाटेने लागतं. मुंबईला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ पासून आहे. खर्च आणि वेळ दोन्हींचा विचार करून डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. प्रत्येक घसरणाऱ्या वाटीला शस्त्रक्रिया लागत नाही, पण कोणत्या वाटीला लागते हे कळायला आधी तपासणी हवी.

आता तुमचा गृहपाठ

तुमच्याकडे कुत्रं असेल तर ते निरोगी असतानाच त्याची चाल दहा मिनिटं नीट बघा. कोणता पाय आधी टाकतं, वळताना काय करतं, जिना कसा चढतं ते लिहून ठेवा. निरोगी चाल ज्याला माहीत, त्यालाच बिघडलेली चाल आधी ओळखू येते. कुत्रं नसेल तर गोठ्यातला बैल, दारातली मांजर किंवा शेजारच्या काकूंची शेळी बघा. आणि यातल्या कुणी मध्येच पाय उचलला, तर हसू नका, ओरडूही नका. वहीत तारीख घाला, वेळ लिहा, आणि त्या पायापुढे ‘डावा’ की ‘उजवा’ ते विसरू नका!